सौंसरची चुन्याची रेघ

पांढुर्ण्याहून सौंसरला जायचं ठरलं ते एका कागदामुळे. दादा उतरणार होता त्या मोटारसायकल शर्यतीच्या नियमांचा तो हिंदी कागद त्याने माझ्यापुढे ठेवला. दादा गाड्या दुरुस्त करतो, पण त्याला वाचता येत नाही. घरात शाळा शिकलेली मी पहिली, म्हणून लग्नपत्रिकासुद्धा माझ्याकडेच येते. काही चुकीचं वाचलं तर, या धास्तीने मी तो चार वेळा वाचून दाखवला. तक्रारीबद्दलची शेवटची ओळ मात्र सोडली. आपल्याला कुठे तक्रार करायची आहे!

रविवारी सकाळी त्याच्याच गाडीवर मागे बसून निघाले. बसने गेलात तर खिडकी धरा. रस्ताभर संत्र्याच्या बागा आणि कापूस. रस्ता अरुंद आहे, बैलगाड्यांना वाट द्यावी लागते, घाई करू नका. सौंसरच्या स्टँडजवळ चाळीस-पन्नास रुपयांत दोघांचे पोहे झाले. वरचा झणझणीत रस्सा, म्हणजे तर्री, मागून घ्यावी लागते.

मैदानाच्या कडेला चुन्याच्या दोन रेघा मारून पेट्रोल भरायची गल्ली केली होती. रेघेच्या आत इंजिन बंद, गाडी हाताने ढकलायची, असा नियम. कारण तिथे डबे धरून माणसं उभी असतात. दादा सगळ्यांच्या पुढे होता. रेघेशी उतरला, गाडी ढकलत आत नेली, ढकलतच बाहेर काढली. मागचा लाल गाडीवाला धडधडत आत घुसला. डबा धरलेले म्हातारे काका कसेबसे उडी मारून बाजूला झाले. त्याने इंजिन चालू ठेवूनच टाकी भरून घेतली, आणि तोच जिंकला. दादा दुसरा.

मी थेट पंचांसमोर जाऊन लाल गाडीवाल्याने नियम मोडल्याचं सांगितलं.

"किसी को लगी तो नहीं न, बेटी?" पंच म्हणाले.

"कोणाला लागल्यावरच नियम लागू होतो का?"

मागून कोणीतरी ओरडलं, "शर्यत हाये का वरात? गाडी ढकलत कोन जाते बाप्पा!" सगळे हसले.

"तुमी उभे राहा डबा धरून," काका भडकले, "मंग हसा!"

मी तिथेच तक्रार लिहिली, दादाने खाली अंगठा दिला. पंचांनी नियमांचा कागद काढून शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. तक्रार स्पर्धकाने स्वतःच्या हस्ताक्षरात लिहावी. "ये तो तुम्हारी लिखावट है।"

माणूस मरता मरता वाचला, तर नियम रबराचा. आणि अंगठा दिसला की तोच नियम दगडाचा! मी हे मोठ्याने म्हटलं. पंच बक्षिसाच्या टेबलाकडे निघून गेले.

परतताना पांढुर्णा जवळ आल्यावर दादा म्हणाला, "ते शेवटची ओळ तुले माहीत होती?"

"हो."

"मंग काहून नाई वाचली वं?"

वाचली असती तरी निकाल बदलला नसता. पण ती त्याची ओळ होती, आणि ती सोडायची की नाही हे मीच ठरवून मोकळी झाले होते.

घरी आलो तेव्हा ओढणीला पेट्रोलचा वास होता. तो धुतल्यावर गेला. पंचांवरचा राग गेलेला नाही, आणि त्याखाली स्वतःवरचाही आहेच. दुसऱ्या दिवशी दादाने दुकानातला काळा पत्रा पुसला, खडू माझ्या हातात दिला.

"'तक्रार' लिहून दाव. अन् आता काही सोडू नको."