गंगावनाचा मुकुट

१२ जानेवारी २०२४. नवी मुंबईत, पावण्यातल्या एका गाळ्यात पाच बायका आणि एक मालक, असे सहा जीव.

तिथे कृत्रिम केसांपासून टोप्या, मुकुट आणि कानातले दागिने घडतात, नाटकांसाठी आणि फॅशन शोसाठी. पेड घालून झाले की उकळत्या पाण्यात बुडवतात. मग आकार मोडत नाही. रंगूबाई मूळच्या साताऱ्याकडच्या. गावी नवरीचा खोपा घालायला त्यांनाच बोलावणे येई. नवरा वारल्यावर ते बंद झाले. मनाई कोणी केली नाही. म्हणून भांडायचे तरी कोणाशी? तुर्भ्याला मुलाकडे आल्यावर हे काम मिळाले. मुकुट बसवून बघायच्या लाकडी डोक्याला शुभाशुभ नसते. तरी एखाद्या नवरीच्या केसांना पुन्हा हात लागावा, ही इच्छा त्यांच्या मनातून गेली नव्हती.

त्या दिवशी शेजारी बसणारी राजलक्ष्मी म्हणाली, "मावशी, माझ्या लग्नात खोपा तुमीच घालायचा."

"तुझी आई मला झाडूनं हाणंल."

"मग मुकुट करा. डोक्याला हात लावायचं टेन्शनच नाही."

"माप घ्यायला तरी लावावा लागंल की, बये!"

हळदीच्या आधी माप घेतले. रंगूबाईंनी सुगरणीच्या घरट्यासारखा काळाभोर मुकुट विणला आणि आत एक कडी ठेवली. नवरीची स्वतःची वेणी त्या कडीतून ओवली की मुकुट हलत नाही. गावी रंगूबाई गंगावन असेच बांधत.

सानपाड्याच्या हॉलमध्ये राजलक्ष्मीच्या आईने, सुचित्राबाईंनी, तो नुसत्या पिनांनी बसवला. अंतरपाटापाशी तो कलला.

"आई, मावशींना बोलव."

"अक्षता पडू देत. मग बोलवू."

मागच्या खुर्चीवर रंगूबाई पुटपुटल्या, "कडीतनं वेणी घ्या, कडीतनं." उठल्या मात्र नाहीत.

मंगलाष्टके संपेपर्यंत राजलक्ष्मीने एका हाताने मुकुट धरला होता. दुसऱ्या हातात हार.

अक्षता पडल्यावर सुचित्राबाई स्वतः मागे आल्या. "चला, रंगूताई." रंगूबाईंनी पिना काढल्या, वेणी मोकळी केली, ओवली, घट्ट ओढली. हात थोडा वेळ तिथेच राहिला.

"आता पळालीस तरी पडायचा न्हाई."

"पळू कुठं? हा सोडतोय का हात!"

निघताना सुचित्राबाईंनी गाळ्यातल्या बाकीच्या तिघींच्या ओट्या भरल्या. रंगूबाईंना साडीची पिशवी दिली, चांगली, काठापदराची.

त्यांची ओटी भरायची राहिली आहे.