बैल धुवायला बंदी

झेंडा पडला आणि एकही बैलजोडी हलली नाही.

पुण्याहून बॉस फोनवर ओरडला, "सोनाली, सर्व्हर हँग झाला का?"

"नाही सर, सर्व्हर चालू आहे. माणसंच हलत नाहीत."

मी गेम डिझायनर. शिरूरला घरूनच काम करते. आमचा ऑनलाइन गेम बैलगाडा शर्यतीचा. त्या रविवारी मोठी स्पर्धा लाइव्ह होती, पशुखाद्याची एक कंपनी प्रायोजक. स्पर्धा फसली तर गेम बंद आणि तूही घरी, असं बॉसने आधीच बजावलं होतं. घरी मी होतेच म्हणा, पण पगार हवा होता.

भानगड अशी. शर्यतीच्या घाटाशेजारी, म्हणजे गाडे पळतात त्या चढाच्या धावपट्टीशेजारी, आम्ही नुसती शोभेला नदी काढली होती. बैल तिच्यात उतरतात हे खेळणाऱ्यांनी शोधून काढलं. झालं! लोक बैल पाण्यात घालून, घासूनपुसून, तिथेच गप्पा हाणत बसायला लागले. बॉसला ते बघवेना.

"जाहिरात शर्यतीनंतर लागते. हे लोक शर्यतच लावत नाहीत! नदी बंद कर."

मी नको नको म्हणत होते. तरी पॅच टाकावा लागला. पॅच म्हणजे चालू गेमला लावलेलं ठिगळ. त्यात नदीला तारेचं कुंपण घातलं.

बाकीच्या डिझायनरांना शिव्या कॉमेंटमध्ये पडतात. मला दूध आणायला गेल्यावर पडल्या. चौकातले टायरवाले रज्जाकमामा आमचा गेम रोज खेळतात. त्यांनी भर रस्त्यात हटकलं.

"पोरी, कुंपण तूच घातलंस व्हय?"

"वरून ऑर्डर होती, मामा."

"आगं, बैल धुतल्याबिगर घाटात कोन नेतं? माझी जोडी तशीच मळकी उभी हाय. लाज वाटती मला!"

"मामा, ते बैल खरे नाहीत."

"लाज तर खरी हाय ना?"

मी दूध घेऊन घरी आले.

आणि आता रविवारी सगळ्या जोड्या रेषेवर ठाण मांडून उभ्या. चॅटवर पहिला मेसेज रज्जाकमामांचा: "आधी कुंपण काढा, मंग बैल पळतील." खाली त्याचीच रांग लागली.

"बॅन कर सगळ्यांना!" बॉस म्हणाला.

"मग पळणार कोण, सर?"

बॉसचा आवाज बारीक झाला. "काढ बाई ते कुंपण."

काढलं. सगळ्या जोड्या वळल्या त्या थेट पाण्यात. प्रायोजक कंपनीचे साहेब लाइव्ह बघत होते. मी जुना बायोडेटा शोधायला घेतला. तेवढ्यात साहेबांनी चॅटवर विचारलं, "नदीकाठी आमची पाटी लावता येईल का?"

बैल धुऊन झाले, मग शर्यती झाल्या आणि चांगल्या रंगल्या. मामांची जोडी पहिल्याच फेरीत बाद झाली. पण दिसत होती चकाचक.

गेम वाचला, नोकरी वाचली. पुढच्या मीटिंगमध्ये नदी ही मुळात बॉसचीच कल्पना निघाली. मला हसू आवरेना, म्हणून कॅमेरा बंद केला.

या धंद्यात मला एक कळलंय. लोकांना मजा कशात येईल हे शोधायला आमची अख्खी टीम बसते. ती मजा लोकांना आपसूक सापडली, की बंद करायलाही तीच टीम बसते.