काळ्या टोपणाची काडी

माझ्याकडे अकरा जुने खिशातले संगणक आहेत आणि आमच्या घरात त्यांना 'ते कॅल्क्युलेटर' म्हणतात.

मोबाइल शहाणे होण्याआधी लोक असे संगणक बाळगायचे. बिस्किटाएवढा हिरवट पडदा आणि त्यावर लिहायला एक काडी. (नागावात होमस्टे चालवणाऱ्या माणसानं असे अकरा कशाला जमवावेत, हे बायकोनं अकरा वेळा विचारून झालं आहे.)

माझ्याकडे नसलेला एक घेऊन येणार होते ठाण्याचे मोघे. वहीसारखा उघडणारा, खऱ्या बटणांचा. सहा वर्षं मी तो शोधत होतो. बदल्यात त्यांना माझ्याकडचा एक हवा होता, पण मूळ काडीसकट. "काडी नसेल तर आल्या बोटीनं परत जाईन," असं त्यांनी फोनवर बजावलं होतं. अशी तत्त्वाची माणसं मला आवडतात.

रविवारी सकाळी मोघे रेवसच्या बोटीत बसले आणि मी कपाट उघडलं. काडीची खाच रिकामी!

"माझ्या वस्तूंना हात कोणी लावला?" मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून विचारलं.

"इतका वेळ आहे कोणाला?" सुनीता, म्हणजे बायको, चिंबोऱ्या साफ करत होती. "पाहुणे यायचेत ना तुमचे?"

"अगं, साधी काडी नाही ती. मूळ काडी आहे."

"माडाचा हीर देऊ काय सोलून?" आई म्हणाली. "तसाच दिसल."

ज्या घरात मूळ काडी आणि झाडूचा हीर एकच, तिथे बोलून काय उपयोग? मी उशा झटकल्या, पाहुण्यांच्या खोल्यांतले पलंग सरकवले, गेल्या आठवड्यात राहून गेलेल्या एका अत्यंत सभ्य कुटुंबावर मनातल्या मनात आळ घेतला. तोवर मोघे दारात.

मी खरं ते सांगून टाकलं. मोघ्यांनी पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. "मग निघतो मी."

"जेवून जा," आई म्हणाली. "चिंबोऱ्या हायत."

तत्त्वं जेवणापुरती थांबली.

पानात खेकड्यांचं कालवण आलं. पाहुण्याचा मान म्हणून चमच्यांच्या भांड्यातली माझी खास सळई मी मोघ्यांना दिली. (एरवी ती मी कोणाला देत नाही.) त्यांनी ती नांगीत घालून फिरवली, तर मांस अख्खंच्या अख्खं बाहेर.

"वा, ही कुठे मिळते?"

"आमच्याकडे पूर्वीपासून आहे," मी जरा ताठ बसून म्हणालो.

"तर वहिनी," मोघे सळई हवेत नाचवत सुनीताला समजावू लागले, "काडी असते चार इंची, स्टीलची. वर काळं टोपण. ते फिरवून काढलं की आत बारीक सुई. मशीन अडकलं की ती सुई पाठीमागच्या भोकात..."

"म्हंजे तुमच्या हातात हाय तशी?" आईनं विचारलं.

मोघ्यांनी हाताकडे पाहिलं. मीही त्यांच्या हाताकडे पाहिलं.

"काळं टोपण होय?" सुनीता म्हणाली. "ते खिळ्यांच्या डब्यात आहे."

"पण ही इथे आणली कोणी?" मी कडाडलो. घरात शिस्त म्हणून काही हवी की नको?

"तुम्हीच. मागच्या वर्षी नांगीतलं निघेना म्हणून भरल्या पानावरून उठलात आणि कपाटातून घेऊन आलात. वर मला म्हणालात, धुऊन चमच्यांत ठेव, हरवू नकोस." तिनं शांतपणे भात वाढला. "नाही हरवली."

मोघ्यांनी काडी लिंबानं घासली, हुंगली, मूळ असल्याचं मान्य केलं आणि अदलाबदल करून दुपारच्या बोटीनं गेले.

मोघ्यांचं मशीन आता माझ्या कपाटात आहे. दिसायला सुरेख. पण फसवणूक झाली हो माझी. त्याची काडी प्लॅस्टिकची निघाली. काल पहिल्याच नांगीत मोडली.