चौदा हत्यारे आणि एक शब्द

हे मी आजपर्यंत कोणास सांगितलेले नाही. पत्नीस नाही, थोरल्या बंधूंस नाही, आणि ज्यांना सांगणे माझे कर्तव्य होते त्यांना तर नाहीच. दुसऱ्यांचे कबुलीजबाब मी शेकड्यांनी लिहिले आहेत — कोणी बांध कोरल्याचा, कोणी पहिली बायको हयात असल्याचे लपवल्याचा — आणि दर वेळी मनात म्हटले आहे की माणसे किती लहान असतात! स्वतःचे एक खोटे मात्र दहा वर्षे सांभाळून आहे. ते आज लिहितो. आपण मित्र आहात असे धरून लिहितो. तसे धरल्याशिवाय हात पुढे सरकत नाही.

मी व्यवसायाने अर्जनवीस. नाशकात कचेरीच्या आवाराबाहेर लिंबाच्या झाडाखाली माझे टेबल असते. सातवीच्या परीक्षेस मी बसलो होतो एवढे खरे; उत्तीर्ण झालो असे लोक समजतात, आणि ती समजूत मी कधी मोडली नाही. दिंडोरीकडची माणसे मला वकीलसाहेब म्हणत, तेव्हाही मी गप्प राहत असे. एका गोष्टीचा मात्र मला खराखुरा अभिमान होता. माझ्या अर्जात खाडाखोड नसते. शब्द एकदा कागदावर उतरला की उतरला. कचेरीतले कारकून अर्ज उजेडात धरून पाहत आणि म्हणत, हा लिंबाखालचा. ह्या अभिमानाकडे लक्ष असू द्यावे. पुढे तो लागणार आहे.

सखाराम हवालदार माझ्याकडे प्रथम आले ते निवृत्तिवेतनाच्या थकबाकीच्या कामासाठी. सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरचा सुमार असेल. मोठ्या लढाईत ते ब्रह्मदेशात होते. शाळेत कधी गेले नव्हते, पण पलटणीत त्यांना इंग्रजी अक्षरांतून हिंदुस्थानी वाचायला शिकवले होते. सहीही ते त्याच अक्षरांत करीत, एकेक अक्षर कवायतीसारखे उभे. मराठी लिहिलेले मात्र त्यांना वाचता येत नसे. काम झाल्यावर म्हणाले, "भाऊसाहेब, एकदा घरी चला. तुम्हाला माझी माणसं दाखवतो."

घर तांबट आळीत. मी माडीवरच्या खोलीत शिरलो आणि — काय सांगू — पायांतल्या वहाणा काढण्यासाठी पुन्हा बाहेर आलो. कोणी सांगितले नव्हते. तसे झाले खरे.

भिंतीवर तलवारी होत्या, एक दांडपट्टा होता, कट्यार होती. मधोमध तोड्याची बंदूक होती, माझ्या उंचीहूनही लांब. तिच्या लाकडी दस्त्यावर एका जागी गुळगुळीत खळगा पडला होता. मी विचारले, हे काय? हवालदार म्हणाले, "गाल टेकून टेकून झिजलंय. माझ्या पणज्याचा गाल." त्या खळग्याकडे मी किती वेळ पाहत राहिलो कोण जाणे. मनुष्याचा गाल लाकडास झिजवतो? देवळाची पायरी झिजते हे ठाऊक होते, पण गाल?

खाली फळीवर लढाईचा माल होता. तोफगोळ्यांच्या पितळी पुंगळ्या, चिंचेने घासून अशा उजळलेल्या की खिडकीचा उजेड त्यांच्यात उभा राहिलेला दिसे. मधोमध कापलेला हातबॉम्ब. शेपटीला पंख असलेला एक लोखंडी बॉम्ब, दुधी भोपळ्याएवढा. भिंतीवरचे आणि फळीवरचे मिळून चौदा नग. पेन्शनीनंतर हवालदारांनी काही वर्षे लष्कराच्या कारखान्यात गोळे रिकामे करण्याचे काम केले होते, आणि भंगाराच्या लिलावांतून फळीवरचा एकेक नग रीतसर पावतीने घरी आणला होता. प्रत्येकाच्या पोटाला त्यांनी स्वतः भोक पाडलेले. त्याखेरीज एकही नग उंबऱ्याच्या आत येत नसे. भिंतीवरच्या पात्यांच्या धाराही त्यांनी बोथट केलेल्या, बंदुकीचे तोंड बुजवलेले.

"बोट घाला," ते मला म्हणाले. मी मागे सरलो. त्यांनी माझा हात धरून ते बोट त्या पंखवाल्या बॉम्बच्या पोटात घातले. "हाय का काय आत?"

आत काही नव्हते. गार, गुळगुळीत, रिकामे.

शेजारचा गजानन तांबट चहा घेऊन वर आला होता. तो हसून म्हणाला, "बाबा, ह्या एका पुंगळीत माझी दोन पातेली निघतील. उगाच अडकवून ठेवलंय पितळ."

"तुझ्या पातेल्यात भात शिजंल रे," हवालदार म्हणाले. "हिच्यात काय शिजलं ते मला ठाव हाय."

त्यांच्या पत्नी सरूबाई दारातून म्हणाल्या, "चौदा सवती हायेत मला, भाऊसाहेब. बोलत नाईत तेवढं बरं हाय."

त्यानंतर मी तेथे वरचेवर जाऊ लागलो. खंडेनवमीस तर अख्खी आळी त्या खोलीत लोटे. शस्त्रांची पूजा हवालदारांकडची, आणि ज्याचे जे हत्यार ते त्याने त्या चौदांच्या पायाशी आणून ठेवायचे — तांबटांचे हातोडे, शिंप्याची कात्री, सुइणीचा चिमटा. मी माझा लिहिण्याचा टाक ठेवला. हवालदारांनी त्याला हळद-कुंकू वाहिले, झेंडूचे फूल ठेवले, आणि त्या तलवारींपुढे माझा टाक पडलेला पाहून माझे डोळे भरून आले. मी काही तरी आहे असे मला जन्मात तेव्हा एकदाच खरोखर वाटले.

आता मुद्द्यावर येतो. येणे भाग आहे.

पुढच्या वर्षी कचेरीच्या फलकावर नोटीस लागली. ज्यांच्या घरी जुनी हत्यारे वा लढाईचे सामान आहे त्यांनी ते निकामी असल्याचे लेखी कळवावे, म्हणजे ते घरात ठेवण्यास हरकत राहणार नाही. अवघड काही नव्हते. हवालदार सकाळीच माझ्या टेबलाशी आले, भंगाराच्या पावत्यांची चळत घेऊन. म्हणाले, "लिहा भाऊसाहेब. चौदा नग. समदे मेलेले. निकामी."

मी मायना लिहिला. यादी लिहिली. आणि त्या शब्दाशी येऊन थांबलो.

निकामी? तो गालाचा खळगा निकामी? ज्यांच्यापुढे मी वहाणा काढल्या, ज्यांच्या पायाशी माझा टाक पुजला गेला, त्यांना मोडक्या चरवीसारखे निकामी म्हणायचे? मला ते लिहवेना. खरे सांगायचे तर माझ्यातला लेखक जागा झाला होता. मी वळणदार अक्षरात लिहिले — "सदर शस्त्रे वाडवडिलांच्या पराक्रमाची साक्ष असून आजही तितकीच समर्थ व सज्ज आहेत." वाक्य लिहून झाले तेव्हा ते मला फार आवडले. साहेब वाचतील आणि खुर्चीतून उठतील, असे वाटले.

आमच्या धंद्याचा नियम असा, की सही घेण्यापूर्वी अर्ज मोठ्याने वाचून दाखवायचा आणि खाली लिहायचे — वाचून दाखविला, बरोबर आहे. मी वाचू लागलो. त्या ओळीपाशी येताच लक्षात आले की हवालदार हरकत घेणार. हरकत घेतली तर ओळ खोडावी लागणार. माझ्या अर्जात खाडाखोड! — आणि माझे डोळे 'सज्ज' ह्या शब्दावर असताना माझे तोंड म्हणाले, "सर्व नग निकामी आहेत."

ते समाधानाने मान हलवून म्हणाले, "बास. एवढंच पायजे." आणि त्यांनी कवायतीच्या अक्षरांत सही केली.

हे एवढेच असते तर कदाचित मी त्याला चूक म्हणू शकलो असतो.

तीन आठवड्यांनी तांबट आळीत जीप आली. मला निरोप आला, मी धावत गेलो, पण गजाननच्या दुकानाच्या पायरीवरच थांबलो. पुढे जाववेना. हातोड्यांचा आवाज पूर्ण बंद पडला होता. त्या आळीत तशी शांतता मी त्यापूर्वी ऐकली नव्हती. अधिकारी भला मनुष्य होता. त्याने हवालदारांना बसायला सांगितले आणि माझा अर्ज उघडून ते वाक्य वाचले. माझेच वाक्य, माझ्याच अक्षरातले, भर आळीत.

"बाबा, तुम्हीच लिहून दिलंय ना, सज्ज आहेत म्हणून?"

"नाय साहेब. मेलेली हायेत. बोट घालून बघा."

"मग हे काय आहे?"

हवालदार कागदाकडे पाहत राहिले. वाचता येत नसलेल्या अक्षरांकडे मनुष्य जसा पाहतो तसे. मग हळूच म्हणाले, "भाऊसाहेबांनी वाचून दाखवलं होतं. त्यांचं कधी चुकत नाय. माझ्याच सांगण्यात कायतरी फरक पडला असंल."

त्यांना मी दिसत होतो का? ठाऊक नाही. मी दोन हातांवर होतो. एक पायरी उतरून पुढे व्हायचे होते, आणि म्हणायचे होते, साहेब, ते माझे शब्द आहेत. मी म्हटले नाही. अर्जनवीसाचा परवाना जाईल, लिंबाखालची जागा जाईल, कारकून हसतील — हे सगळे त्या एका क्षणात माझ्या डोक्यात येऊन गेले. इतके वेगाने मी कधी विचार केला नव्हता.

तपासणीसाठी म्हणून चौदाही नग पोत्यांत गुंडाळून जीपमध्ये ठेवले. बंदूक आत मावेना. ती मागच्या बाजूने बाहेर राहिली, दस्ता वर करून. सरूबाई पदर तोंडाशी धरून रडत होत्या. सवती म्हणणाऱ्या त्याच. हवालदार टाच जुळवून, हात सरळ ठेवून उभे राहिले. जीप वळणाआड जाईपर्यंत तसेच.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा माझ्याकडेच आले. आणखी कोणाकडे जाणार होते? म्हणाले, "भाऊसाहेब, दुरुस्तीचा अर्ज करू." मला दुसरी संधी मिळाली होती, ह्याहून स्वच्छ संधी मनुष्यास काय मिळावी? एक ओळ पुरली असती — लेखनिकाने अर्जदाराच्या सांगण्याविरुद्ध लिहिले. ती लिहिण्याऐवजी मी लिहिले — "अर्जदार अशिक्षित व वयोवृद्ध असल्याने त्याने अनवधानाने चुकीची माहिती सांगितली, त्याबद्दल तो क्षमा मागत आहे."

हा अर्ज मी शब्दन् शब्द खरा वाचून दाखवला. ऐकताना त्यांच्या मानेची एक शीर हलली. ज्या मनुष्याने आयुष्यभर गोळ्यांची पोटे रिकामी केली आणि एकदाही हात चुकू दिला नाही, त्याला मी माझ्या टेबलाशी बसवून, दुसऱ्या दोन पक्षकारांच्या देखत, अनवधानी ठरवले. ते म्हणाले, "तुम्ही लिवलंय म्हंजे बरोबरच असंल." आणि सही केली.

उत्तर दोन महिन्यांनी आले. तेही मीच वाचून दाखवले. अर्जदाराने चुकीची माहिती दिल्याचे स्वतःच मान्य केले असल्याने त्याच्या पुढील म्हणण्यावर विसंबता येत नाही. सबब वस्तू परत मिळणार नाहीत. म्हणजे पहिल्या कागदाने त्या गेल्या आणि दुसऱ्याने त्यांची वाट बंद केली. दोन्ही कागदांवर खाडाखोड नव्हती.

त्या वर्षीची खंडेनवमी. जाऊ नये असे ठरवले होते. सरूबाईंनी बोलावणे पाठवले. खोलीत भिंतीवर जागोजाग चुना पांढरा राहिला होता — तलवारीच्या आकाराचा, कट्यारीच्या आकाराचा, आणि मधोमध तो लांब पट्टा. फळी धुऊन पुसून ठेवली होती. तिच्यावर एकच वस्तू होती. माझ्या दुसऱ्या अर्जाची नक्कल. तिच्यावर हळद-कुंकू, झेंडूचे फूल.

"आता माझ्यापाशी एवढंच हत्यार हाय, भाऊसाहेब," हवालदार म्हणाले. "कधी ना कधी चालंलच. तुमचा टाक ठेवा शेजारी."

मी टाक ठेवला. वाकून नमस्कारही केला. आणि तेव्हा, त्या रिकाम्या भिंतीपुढे, मला पहिल्यांदा समजले की मी इतके दिवस कशापुढे थक्क होत होतो. पात्यांपुढे नव्हे, पितळापुढे नव्हे. मारण्यासाठी घडलेली चौदा हत्यारे ह्या मनुष्याने घरात मेलेली ठेवली होती, आणि त्यांना रोज पुसत होता. निकामी हा त्याचा सर्वांत मोठा शब्द होता. तो मला हलका वाटला.

हवालदार वारले त्याला चार वर्षे झाली. शेवटपर्यंत मला भाऊसाहेब म्हणत. सरूबाई अजून येतात. त्यांचे कागद मीच लिहितो, आणि त्या न ऐकताच अंगठा पुढे करतात. उद्या हा कागद मी त्यांना वाचून दाखवणार आहे. जसा लिहिला आहे तसाच.

माझ्या प्रत्येक कागदाच्या शेवटी विनंती असते. येथे ती नाही. वर पहिल्याच परिच्छेदात मी 'एक चूक' असे लिहिले होते; ते खोडून 'एक खोटे' केले आहे. खाडाखोड ठळक दिसते. ती तशीच राहू दिली आहे.