आठ गाठींची केबल

तारीख : १७ ऑगस्ट २०२५, रविवार. ठिकाण : बेळगावात वडगावातलं आमचं घर. रक्कम : सातशे वीस रुपये. नवी केबल आणि ती ओढायची मजुरी, असा कॉम्प्युटरवाल्याने फोनवर सांगितलेला आकडा. हजर : मी, बायको सुनीता आणि माझी थोरली बहीण, आक्का.

मी बेळगावजवळ मच्छ्याला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये कामाला आहे. मोजल्याशिवाय एक स्क्रूही हातातून सोडत नाही. अमानवीय अनुभव वगैरेंसाठी माझ्या वहीत रकानाच नव्हता...

घरामागच्या शेडमध्ये आमचे चार माग आहेत. साड्यांच्या काठांची डिझाइनं सुनीता कॉम्प्युटरवर काढते. अकरा वर्षांची ४१२ डिझाइनं शेडमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर होती. त्याचे यूएसबी पोर्ट मेलेले, वायफाय मुळातच नाही, आणि आठवडाभर हार्डडिस्क टकटक वाजत होती. "बंद करू नका, परत सुरू होईल याची खात्री नाही," असं कॉम्प्युटरवाला बजावून गेला होता. आणि चार वाजता निपाणीचे व्यापारी डिझाइनं बघायला येणार होते. पसंत पडली तर चारही मागांना दिवाळीपर्यंत काम – नाहीतर माग उभे.

मार्ग एकच. घरातल्या लॅपटॉपवर नेटवर्कमधून फायली ओढायच्या. नऊ ते अकरा खटपट केली. दोन्हीकडे वर्कग्रुपचं नाव एक केलं, शेअरिंग चालू केलं, फायरवॉल तात्पुरती बंद केली. नव्या विंडोजमध्ये जुन्या पद्धतीचं शेअरिंग बंद असतं, तेही चालू केलं. पिंग केलं, म्हणजे लॅपटॉपवरून शेडमधल्या कॉम्प्युटरला हाक मारून बघितली – चारपैकी चार वेळा उत्तर नाही. शेवटी घरातून शेडमध्ये जाणारी केबल तपासत गेलो, तर मागापाठीमागे उंदराने तिचे दोन तुकडे केलेले! कॉम्प्युटरवाला म्हणाला, "उद्याच जमेल."

मी ओट्यावर येऊन बसलो.

"का रं बाळू, असा तोंड पाडून बसलाईस?" आक्का म्हणाली.

"तार तुटली, आक्का."

"मग सांध की!"

"ते धाग्यागत न्हाय गं."

"चाळीस वरसं ह्या हातांनी तुटलेलंच सांधलंय. तू शिकीवणार व्हय मला?"

खरंच, आक्काचं आयुष्य त्यातच गेलं. मागावरचा उभ्या धाग्यांचा जुना ताणा संपला की नव्याचा एकेक धागा त्याला गाठ मारून जोडायचा, असे हजारो. ती उठून शेडमध्ये गेली. मी अडवलं नाही. तेवढाच तिचा वेळ जाईल म्हटलं.

बारा वाजून दहा मिनिटांनी ती परत आली. "बघ आता."

तिचं मन मोडू नये म्हणून पिंग केलं. चारपैकी चार उत्तरं! सुनीताचा फोल्डर समोर उघडला... मी कॉपी सुरू केली. एकोणीस मिनिटं लागली. ४१२ पैकी ४१२. दोन्हीकडची साइज शेवटच्या आकड्यापर्यंत जुळली. सुनीता लॅपटॉपला हात लावून रडली आणि लगेच हसत म्हणाली, "वन्सं, तुम्हीच आमच्या इंजिनिअर!"

मग मी शेडमध्ये गेलो. केबलच्या आत आठ बारीक तारा असतात. आक्काने रंगाला रंग लावून आठ सुबक गाठी मारल्या होत्या – वरच्या प्लास्टिकसकट! कुठेही तांबं उघडं नाही, तांब्याला तांबं लागलेलं नाही. त्यातून काहीही जाणं शक्यच नव्हतं.

चार वाजता व्यापारी आले, सव्वीस डिझाइनं निवडली, दिवाळीपर्यंतचं काम देऊन गेले. ते गेल्यावर मी पुन्हा पिंग केलं. चारपैकी चार वेळा उत्तर नाही. केबलला कुणी हात लावला नव्हता.

सोमवारी सकाळी जुना कॉम्प्युटर कायमचा बंद पडला. कॉम्प्युटरवाल्याने केबलला टेस्टर लावला. तारेला एक असे आठ दिवे, त्यातला एकही लागला नाही. "साहेब, फायली पेनड्राइव्हनंच आणल्या असणार," तो म्हणाला. मी मेलेले पोर्ट दाखवले. त्याने टेस्टर पुन्हा लावून बघितला.

नव्या केबलची गरजच उरली नव्हती. सातशे वीस वाचले. आक्का मात्र हात पुढे करून उभी. "गाठीला रुपाया. काम झालंय न्हवं?"

मी आठ नाणी मोजून दिली. तिने परत मोजली, आणि एक माझ्या हातावर ठेवलं.

"सातच घेते. निळी गाठ जरा सैल पडलती."

शेवटी दिले : सात रुपये, आक्काला.