उघाडीची चावी

रेवसजवळच्या खारेपाटात बांधाला उघाडी आहे, म्हणजे खाडीचं पाणी आत-बाहेर सोडायचं दार. तिची चावी गावानं बुधाजीकडे दिलेली. एकदा त्याचाच सख्खा भाऊ जिताडा माशांच्या तळ्यात पाणी घ्यायचं म्हणून चावी मागायला आला. बुधाजी म्हणाला, "पानी किती पायजे ता सांग, मी सोडतो. चावी न्हाय मिलनार." भाऊ वर्षभर बोलला नाही. बुधाजीच्या लेकीला, प्रज्ञाला, तेव्हा बाप अंमळ हेकटच वाटला होता.

आता ती नवी मुंबईत ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत आहे. त्यांच्या ब्राउझरमध्ये प्रत्येक टॅब वेगळी प्रोसेस म्हणून चालतो, म्हणजे एक पान बिघडलं तरी बाकीची सुखरूप. या टॅबनी बाहेरच्या जगाशी बोलायचं कसं, म्हणजे सॉकेट, इंटरनेटकडे जाणारं दार, उघडायचं कुणी, हे ठरवणारा इंटरफेस प्रज्ञाकडे आला. तिनं तो रक्त आटवून उभा केला. सॉकेट उघडणार एकटी नेटवर्क प्रोसेस. टॅबनं मागणी करायची, नेटवर्क प्रोसेस ती तपासणार आणि टॅबच्या पदरात नुसता डेटा पडणार.

मंजुरीच्या बैठकीत टीमप्रमुख अमिषा मॅडमनी आराखडा वाचला, मान डोलावली आणि शेवटी मेख मारली. "आपल्या कंपनीच्या पानांना तरी थेट सॉकेट देऊ या. वेग वाढेल. ती तर आपलीच आहेत."

नाही म्हटलं तर काम दुसऱ्याकडे जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. प्रज्ञानं आराखडा पुढ्यात ओढला.

"मॅडम, आपलं पानही कुणी फोडू शकतं," ती म्हणाली. "मग सॉकेट त्याच्या हातात जाईल. किती वेग हवा ते सांगा, मधली देवघेव मी तेवढी जलद करते. पण सॉकेट कुणालाच नाही."

बोलून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं की हा आवाज आपल्या बापाचा आहे. तिला त्याचा असा अभिमान वाटला की काम जाण्याची भीती कुठल्या कुठे पळाली.

"मग करून दाखव," मॅडम म्हणाल्या. तिनं दाखवलं. आराखडा होता तसा मंजूर झाला, वर तिचंच नाव.

सुट्टीत गावी घरी आल्यावर तिनं बापाला सगळं सांगितलं. त्याला त्यातलं एकच कळलं. "सायबिनीनं चावी मांगली, तरी न्हाय दिलीस?"

"न्हाय, आबा."

दुसऱ्या दिवशी बुधाजी मुद्दाम वाट वाकडी करून भावाच्या तळ्यावर गेला आणि ते त्याला सांगून आला.