डबा नवा, पाणी तेच

किल्ली माझ्या खिशात होती, बॉनेट उघडं होतं, आणि गाडीचे वायपर आपोआप फिरायला लागले. बाहेर कडकडीत ऊन. मग चारही दरवाज्यांची लॉकं खट्‌ करून पडली, उघडली, पुन्हा पडली. मी बॅटरीची वायर काढली तेव्हा कुठे ती शांत झाली.

"भूत शिरलंय का रे राव?" नंजुंडप्पा केबिनमधून ओरडले. ते वर्कशॉपचे मालक. मी, राव, त्यांच्याकडे ऑटो इलेक्ट्रिशियन होतो. आमचं घर कानडी मुलखात, शहराच्या चामराजपेट भागात, वर्कशॉप चालत दहा मिनिटांवर. नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं होती. आमच्याकडे यायच्या त्या सगळ्या साध्या गाड्या. त्यांत वायपरला एक स्विच, एक फ्यूज, एक मोटर. काय बिघडलंय ते टेस्ट लॅम्प लावला की कळायचं.

ही गाडी तशी नव्हती. परदेशी बनावटीची मोठी फोर-व्हील ड्राइव्ह, वर सनरूफ. इथल्या प्रोजेक्टवर आलेल्या एका परदेशी इंजिनियरने मायदेशी जाताना ती डॉ. सुमती हुक्केरींना देऊन टाकली होती. डॉक्टरबाई मूळच्या बेळगावकडच्या, घरी मराठी. साठी उलटलेली. दर गुरुवारी त्या शहराबाहेर, सर्जापूर रोडवरच्या खेड्यांत जाऊन बायका-मुलांना तपासायच्या. तेव्हा तिकडे अपार्टमेंट नव्हती, निलगिरीची झाडं आणि वीटभट्ट्या होत्या. पावसात चिखल असा व्हायचा, की साधी गाडी अर्ध्यात रुतायची. म्हणून ही गाडी. बरोबर सिस्टर फिलोमिना असायच्या, वीस वर्षं त्यांच्याबरोबर काम केलेल्या नर्स.

वायपर, हेडलाइट, काचा, लॉक, हॉर्न या सगळ्यांना हुकूम देणारा एकच डबा त्या गाडीत होता. त्याला बॉडी कंट्रोल मॉड्यूल म्हणतात. इंजिनाशी त्याचा संबंध नाही, बाकी सगळ्याशी आहे. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटपुढे, पाय ठेवतो तिथे बाजूच्या पत्र्यावर, प्लास्टिकच्या कव्हरमागे तो बसवलेला होता. मी फ्यूज तपासले, अर्थिंग तपासलं, मग डबा काढून उघडला. आतल्या सर्किट बोर्डावर हिरवा गंज चढलेला. पाणी गेलं होतं.

ब्रशने साफ केलं, हेअर ड्रायरने वाळवलं, परत लावलं. तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी पुन्हा वायपरांचा नाच.

नवा डबा भारतात कुठेच मिळेना. शेवटी डॉक्टरबाईंनी सिंगापूरच्या एका पार्टवाल्याला पत्र लिहिलं. पाच आठवडे गेले. त्या पाच आठवड्यांत दोघी लसींचा बर्फाचा डबा मांडीवर घेऊन बसने जात होत्या. शेवटची दोन गावं बसला जोडलेली नव्हती, ती सुटली. "एका बाईचं बीपी बघायचं राहिलंय हो राव, आठवा महिना आहे," त्या दर दोन दिवसांनी फोनवर म्हणायच्या. कधी रागावल्या नाहीत.

पार्ट आला बुधवारी. बॅटरी काढली, डबा बदलला, बॅटरी जोडली. गाडीच्या पुस्तकात दिलेल्या पद्धतीने नव्या डब्याला किल्लीची ओळख करून दिली. दोन तासांचं काम. सगळं पहिल्या झटक्यात चाललं. पाणी कुठून आलं असेल ते शोधताना पुढच्या काचेच्या रबरात एक फट सापडली होती, ती मी आधीच सील केली होती.

हत्यारं उचलताना मॅटखाली हात गेला. कार्पेट ओलं लागलं.

मी केबिनमध्ये गेलो. "सार, कार्पेट ओलं आहे. अजून एक दिवस द्या. सीट काढून, कार्पेट उचलून बघतो."

"सकाळी वॉशिंगला दिली होती ना? त्याचं पाणी."

"दरवाजे बंद ठेवून धुतात, सार."

"राव, उद्या गुरुवार आहे. डॉक्टर बाहेर येऊन बसल्यात. आणि रांगेत तीन गाड्या आहेत. स्वल्प वाळू दे, जाईल ते."

"सरी," मी म्हणालो. म्हणजे बरं.

हा शब्द मी अजून विसरलेलो नाही. नंजुंडप्पांनी मला बांधून ठेवलं नव्हतं. बाहेर जाऊन डॉक्टरबाईंना 'उद्या नेऊ नका' एवढं सांगायला मला कुणाची परवानगी लागत नव्हती. पण त्या डबा बदलला म्हणून इतक्या खूश होत्या, आणि मलाही ती शाबासकी हवी होती.

दोन गुरुवार नीट गेले. तिसऱ्या गुरुवारी दुपारी सर्जापूरहून परतताना मोठा पाऊस लागला. भर पावसात वायपर थांबले. डॉक्टरबाईंनी काच खाली करून बाहेर बघायचं ठरवलं, तर काच हलेना. समोर पांढरा पडदा. समोरून विटांची लॉरी येताना दिसली तेव्हा ती अगदी जवळ होती. त्यांनी गाडी डावीकडे घातली आणि गाडी चारीत जाऊन आडवी झाली. डॉक्टरबाईंना खरचटलं. फिलोमिना डाव्या बाजूला होत्या. त्यांचं मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं.

गाडी ओढून वर्कशॉपला आणली. मी कव्हर काढलं आणि नव्या डब्याच्या कनेक्टरमधून पाणी ठिबकलं. मग छतावर मगभर पाणी ओतून बघितलं. सनरूफच्या कडेला पडणारं पाणी खाली सोडायला पत्र्याच्या आतून एक रबरी नळी असते. ती नळी जागेवरून निसटली होती. तिचं तोंड बरोबर डब्यावर.

ती परत बसवायला मला चार मिनिटं लागली.

नंजुंडप्पा मागे उभे होते. "पार्टच डिफेक्टिव्ह आला," ते हळू आवाजात म्हणाले. "असंच सांगायचं. ऐकलंस?"

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात डॉक्टरबाईंनी मला विचारलं, "राव, खरं सांगा. मी काही चुकीचं बटण दाबलं का?"

"नाही, डॉक्टरबाई. पार्ट खराब होता."

त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. तो ऐकून मला स्वतःची किळस आली.

सव्वा महिना गप्प राहिलो. जेवण जाईना. बायकोने खोदून खोदून विचारलं, तिलाही सांगितलं नाही. मग एका रविवारी सकाळी डॉक्टरबाईंच्या घरी गेलो आणि कार्पेटपासून नळीपर्यंत सगळं सांगितलं.

"सिंगापूरच्या त्या माणसाला मी तीन पत्रं लिहिली," त्या म्हणाल्या. "खोटारडा म्हटलं त्याला. तो बिचारा दर वेळी लिहीत होता, मॅडम, पार्ट चांगला होता, पाणी बघा."

"चूक माझी आहे."

"मला काय सांगता? मोडलाय तो फिलोमिनाचा पाय. तिला सांगा."

फिलोमिना बहिणीकडे राहायला गेल्या होत्या. भिंतीला टेकून बसल्या होत्या, वॉकर शेजारी. मी कानडीत सगळं सांगितलं.

"अण्णा," शेवटी त्या म्हणाल्या, "हे ऐकून मी उठून चालायला लागेन का?"

"नाही, सिस्टर."

"मग तुम्हाला बरं वाटावं म्हणून आलात. वाटलं का?"

मी मान हलवली. नाही. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. बहीण दारापर्यंत आली आणि माझ्यामागे कडी लावली.

फिलोमिना पुन्हा फेरीवर गेल्या नाहीत. त्यांच्याशिवाय डॉक्टरबाईंनी काही महिने बसने रेटून बघितलं, मग गुडघ्यांनी साथ सोडली. गुरुवार बंद झाले. आठव्या महिन्यातल्या त्या बाईचं काय झालं, मी कधी विचारलं नाही. गाडी एका पार्टवाल्याने उचलली आणि तोडून विकली. नंजुंडप्पांनी मला कामावरून काढलं नाही. उलट पुढच्या वर्षी हेड इलेक्ट्रिशियन केलं.

त्यानंतर मी बरीच वर्षं शिकाऊ मुलांना शिकवलं. त्यांना एवढंच सांगायचो: डबा बदलायला दोन तास लागतात, तो कशाने मेला हे शोधायला कधी दोन दिवस. मालक आणि गिऱ्हाईक, दोघांनाही दोन तासांचंच काम हवं असतं. ते दोन दिवस तुम्हालाच मागून घ्यावे लागतात. मुलं मान डोलवायची, आणि गाडी सुरू झाली की किल्ली देऊन मोकळी व्हायची.